दुसऱ्यांच्या दप्तरातले रोमा



ज्यांना आपण जिप्सी म्हणतो, त्या रोमा लोकांनी आपला इतिहास लिहून ठेवला नाही. बखर नाही, शिलालेख नाही. ते मूळचे कुठले, याचा उलगडा त्यांच्या बोलीवरून झाला. १७८२ मध्ये रुडिगर या जर्मन अभ्यासकानं ती हिंदुस्थानीशी ताडून पाहिली. रोमा पाण्याला पाणीच म्हणतात, कानाला कान. मोजताना यक, दुई, त्रिन असं सहापर्यंत सगळं आपल्या ओळखीचं. सात, आठ, नऊ मात्र ग्रीक! म्हणजे सुमारे हजार वर्षांपूर्वी वायव्य भारत सोडलेली ही माणसं इराण, आर्मेनिया ओलांडून ग्रीक भाषकांत बराच काळ राहिली असणार. ते मूळचे राजपूत योद्धे, ही कथा आपल्याकडे हौसेनं सांगतात. तिला भक्कम पुरावा नाही.

रोमांचा लेखी पुरावा सापडतो तो दुसऱ्यांच्या दप्तरात. आजच्या रुमानियातल्या वालाचियात १३८५ च्या एका दानपत्रात, मठाला दिलेल्या मालमत्तेत रोमांची चाळीस कुटुंबं नोंदलेली आहेत. राजा, सरदार आणि मठ हे त्यांचे मालक. माणसं विकली जात, हुंड्यात दिली जात. ही गुलामगिरी १८५६ पर्यंत टिकली आणि ती संपली तेव्हा भरपाई मिळाली, तीही मालकांना. पश्चिमेकडे १४१७ च्या सुमारास जर्मन शहरांनी त्यांना यात्रेकरू समजून भिक्षा घातली होती. १४९८ मध्ये पवित्र रोमन साम्राज्याच्या सभेनं त्यांचं कायद्याचं संरक्षणच काढून घेतलं.

विसाव्या शतकात नाझींनी रोमांच्या वंशावळ्या काढून त्यांना छावण्यांत धाडलं. २ ऑगस्ट १९४४ च्या रात्री ऑशविट्झ-बिर्केनाऊमधल्या रोमा छावणीत उरलेली चार हजारांहून अधिक माणसं, बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारे, विषारी वायूनं मारली गेली. युद्धकाळात एकूण किती रोमा मारले गेले, याचे अंदाज दोन लाखांपासून पाच लाखांपर्यंत जातात.

पुढची गोष्ट मला जास्त संतापजनक वाटते. १९५६ मध्ये पश्चिम जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की १९४३ पूर्वीची रोमांची हद्दपारी वंशद्वेषातून झालेलीच नव्हती, तो गुन्हेगारीचा बंदोबस्त होता. त्यावर बोट ठेवून भरपाईचे अर्ज फेटाळले गेले. १९६३ मध्ये न्यायालयानं भूमिका बदलली. पण हा वंशसंहार होता, हे सरकारनं मान्य केलं १९८२ मध्ये.

चेक देशात पीसेक गावाजवळ लेटी इथंही नाझींच्या काळात रोमांची एक छावणी होती. तिथं तीनशेहून अधिक रोमा दगावले, त्यात लहान मुलं पुष्कळ. साम्यवादी राजवटीनं १९७० च्या दशकात त्या जागी डुकरांचे गोठे बांधले. राजवट गेली, डुकरं राहिली. शेवटी सरकारनं सुमारे ४५ कोटी क्राऊन मोजून ती जागा मालकाकडून विकत घेतली आणि २०२४ मध्ये तिथं स्मारक खुलं झालं. प्रागला जाणारी मराठी मंडळी आता कमी नाहीत. लेटी तिथून फार लांब नाही. थोडी वाट वाकडी करून जाऊन या.