पायाची शिदोरी



आज चिंतनाला पाय घेतले आहेत. देवाचे नव्हे, तुमचे-आमचे. मुखाने नाम घ्यावं, हाताने टाळी वाजवावी; मग पायांनी काय करावं? वारकऱ्याचे पाय पावली खेळतात. समोरासमोर ओळी, मध्ये विणेकरी, पाऊल पुढं, पाऊल मागं. टाळाच्या ठेक्यात पाऊल बसलं की शेजारी सावकार आहे का मजूर, याचं भान राहत नाही. नामदेवराय कीर्तनात नाचले. देव तर कालियाच्या फण्यांवर नाचला. मग नाच हलका कसा म्हणायचा?

आता आपलं कर्जत-खालापूर बघा. कार्तिकीला दिंड्या बोरघाट चढून आळंदीला जातात. आजूबाजूच्या डोंगरांत ठाकरवाड्या आहेत, कातकरवाड्या आहेत. भाताची लावणी उरकते, भादव्यात गौरी येतात, आणि ठाकरवाडीत ढोलावर फेर धरला जातो. त्याची शिकवणी कुठं लागत नाही. आजोबाच्या मागं नातू पाऊल टाकतो, झालं शिक्षण! आणि आपण नाक मुरडतो, "हा रानातला नाच" म्हणतो.

अहो, बाल्या नाचाची गोष्ट काय वेगळी आहे? कोकणातली माणसं पोटासाठी मुंबईला गेली. कानात बाळी, म्हणून शहराने त्यांना 'बाल्या' म्हटलं, असं जुनी माणसं सांगतात. चिडवायचं नाव! पण तेच नाव त्यांच्या नाचाला लागलं, आणि गौरी-गणपतीला लोक ते मिरवू लागले. लाज टाकली, ओळख उरली.

हल्ली फार्महाऊसवर पाहुण्यांपुढं वाडीतल्या पोरांना नाचायला बोलावतात. कष्टाचे पैसे आहेत, नावं ठेवू नका. फरक तेवढा ध्यानात घ्या. तिथं एक नाचतो, दुसरा बघतो. गौरीपुढं सगळेच फेरात. बघणारी एकटी गौर.

१९ जुलै २०२३ ची रात्र आठवा. खालापूर तालुक्यात इरशाळवाडीवर दरड आली. ठाकरांची वाडी ती. माणसं गेली, घरं गेली. अशा वेळी वाचलेल्याजवळ काय राहतं, माऊली? भांडं नाही, कागद नाही. आईबापांनी अंगात घातलेलं तेवढं राहतं: बोली, गाणं, पाऊल. ते दरडीखाली जात नाही. ते जातं आपल्या हसण्याने. पोराला स्वतःच्या नाचाची लाज वाटली, की पुढच्या पिढीला तो दिसतच नाही.

आता काल्याकडे या. गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या सोडल्या. कुणाची भाकर, कुणाचं लोणचं, कुणाचा दहीभात. देवाने ते एकत्र केलं. सगळ्यांनी एकच पदार्थ आणला असता तर काला कसला? आपलं पाऊल ही आपली शिदोरी. पेंद्याची शिदोरी साधी, म्हणून देवाने बाजूला नाही ठेवली.

तेव्हा तुमच्या गावच्या सप्ताहात, काल्याच्या दिवशी, वाडीला बोलवा. मंडपात कार्यक्रम म्हणून नको. त्यांचा ढोल वाजू द्या, तुम्ही टाळ धरा, आणि त्यांच्या फेरात उभे राहा. पाऊल चुकलं तर वाडीतलं पोर शिकवील. त्या दिवशी त्याला गुरू म्हणा आणि आधी त्याच्या पायाला हात लावा.

बोला, पुंडलिक वरदे हारि विठ्ठल!