सातासमुद्रापलीकडची वसुली



या व्यासपीठावर संतवाङ्मयावर, नाटकावर, कापसाच्या भावावर बोलणारे येऊन गेले. आम्हांला बोलावयाचे आहे ते वसुलीवर. विषय रूक्ष खरा. पण ज्याचे पैसे अडकतात त्याला तो रूक्ष वाटत नाही. आपण माल परदेशी धाडतो, तिकडचे गिऱ्हाईक घरबसल्या कार्डाने पैसे भरते, आणि ते पैसे वर्ध्याच्या बँकेतील आपल्या खात्यात येतात. या सगळ्याच्या मध्ये एक कंपनी बसलेली असते. तिला पेमेंट प्रोसेसर म्हणतात, व्यवहारात कोणी गेटवे म्हणतात. लहान धंदेवाल्याने ही कंपनी कशी निवडावी, एवढाच आजचा प्रश्न.

वर्ध्यात हा प्रश्न कोणाला पडतो, असे कोणी विचारील. समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. मगनवाडीत 1938 साली गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडले, तेव्हापासून खादी आणि ग्रामोद्योग हे शब्द या गावाच्या नावाला चिकटलेले आहेत. आज हळदीच्या पुड्या, नैसर्गिक रंगाची वस्त्रे, हातशिवणीच्या पिशव्या विकणारे लहान लहान उद्योग जिल्ह्यात आहेत, आणि त्यांतल्या काहींना लंडन, न्यूजर्सी, सिडनीहून मागणी येते. मागणी बहुधा आपल्याच माणसांची असते. मग त्यांच्या शेजाऱ्यांची येऊ लागते. अशांपैकी काहींचे हिशेब गेली काही वर्षे आमच्या नजरेखालून जातात. त्यांना माल विकताना जितका घाम येतो, त्याहून अधिक पैसे घरी आणताना येतो, हे पाहूनच हा विषय आम्ही घेतला.

खरे म्हणजे या गावाला परदेशी वसुली नवी नाही. अमेरिकेतले यादवी युद्ध 1861 ते 1865 चालले, तिकडचा कापूस तुटला, आणि आपल्या हिंगणघाटचा कापूस विलायतेच्या बाजारात नावाने ओळखला जाऊ लागला. त्या काळच्या पेढ्यांचा सगळा व्यवहार हुंडीवर. दर्शनी हुंडी दाखवली की पैसे मिळत. मुदती हुंडीचे पैसे ठरल्या दिवसांनी मिळत. आणि एक तिसरा प्रकार होता, जोखमी हुंडी: माल सुखरूप पोचला तर रक्कम द्यावयाची, वाटेत बुडाला तर हुंडीही बुडाली. श्रोतेहो, ही तिसरी हुंडी ध्यानात ठेवा. परदेशी कार्डाने आलेला पैसा दिसतो दर्शनी हुंडीसारखा, वागतो मात्र जोखमी हुंडीसारखा. मध्यस्थ कंपनीची निवड करताना जी चूक बहुतेकांच्या हातून होते, तिचे मूळ या एका गैरसमजात आहे.

ते असे. कार्डवाल्याला तक्रार करण्याचा हक्क असतो. माल आला नाही, निराळाच आला, किंवा हा व्यवहार मी केलाच नाही, असे तो आपल्या बँकेला सांगू शकतो, आणि त्यासाठी मोठ्या कार्ड कंपन्यांच्या नियमांत साधारणपणे 120 दिवसांपर्यंतची मुदत असते. तक्रार मान्य झाली की रक्कम आपल्याकडून परत ओढली जाते. वर दंडासारखे शुल्क लागते ते निराळे. याला चार्जबॅक म्हणतात. तेव्हा कंपनीला विचारावयाचा पहिला प्रश्न ‘शेकडा किती घेता’ हा नाही. तक्रार आली तर पुरावा द्यायला किती दिवस देता, कोणता पुरावा मानता, आणि तोवर माझ्या बाकीच्या पैशांचे काय करता, हे आधी विचारावे. आपल्याकडे कार्डाबरोबर ओटीपी लागतो, म्हणून आपल्याला वाटते जगभर तसेच असेल. अमेरिकेतली पुष्कळ कार्डे ओटीपीवाचून चालतात. ज्या कंपनीकडे थ्री-डी सिक्युअर नावाची पडताळणी आहे, तिच्या मार्फत ती होऊन पैसे आले असतील, तर चोरीच्या कार्डाची जोखीम बहुधा गिऱ्हाइकाच्या बँकेवर जाते. ही सोय आहे की नाही, हे करार करण्यापूर्वी लेखी मागून घ्यावे.

पैसे अडकतात म्हणजे काय होते, याचे आमच्या पाहण्यातले एक उदाहरण सांगतो. सेवाग्रामच्या बाजूला कापडी पिशव्या शिवणारा बायकांचा एक गट आहे. वर्षभर महिन्याला दहा-बारा पिशव्या परदेशी जात. एका दिवाळीच्या तोंडावर तिकडच्या एका मंडळातून एकदम मोठी मागणी आली. पैसे भरले गेले, पिशव्या रवाना झाल्या, आणि कंपनीने खाते गोठवले. कारण दिले नाही. सहा महिने थांबा, एवढेच उत्तर. कंपनीच्या बाजूने पाहिले तर त्यात तर्क आहे. ज्या खात्यात महिन्याला पाच हजार येत, तिथे आठवड्यात लाख आले, तर तिच्या यंत्राला ती लबाडी वाटते, आणि गिऱ्हाइकांच्या तक्रारींची मुदत संपेपर्यंत पैसे दाबून ठेवणे तिला सोयीचे पडते. पण इकडे शिवणाऱ्या बायकांची मजुरी दिवाळीला चुकती करता आली नाही. मुदत संपल्यावर सारी रक्कम आली, एक पैसाही बुडाला नाही. तोवर दोघींनी गट सोडला होता. मोठ्या निर्यातदाराला असा अडथळा म्हणजे बँकेकडून आणखी थोडे कर्ज. लहानाला तो धंद्याच्या मुळावर येतो. म्हणून मोठी मागणी येणार असे दिसताच कंपनीला आधी कळवावे, मागणीचा कागद पाठवावा. आणि ज्या कंपनीत असे कळवण्यासाठी माणूसच भेटत नाही, फक्त यंत्र उत्तर देते, तिच्याकडे सगळी वसुली सोपवू नये.

आता दराकडे वळू. आपल्या आजोबांच्या पिढीत विनिमयाच्या दराला हुंडणावळ म्हणत. शब्द मागे पडला, पण नुकसान अजून तिथेच होते. हिशेबाच्या सोयीसाठी डॉलर 90 रुपयांचा धरू आणि 100 डॉलरची विक्री घेऊ. एक कंपनी म्हणते, आमचे कमिशन शेकडा 2. पण डॉलरचे रुपये करताना ती 90 ऐवजी 86 रुपये 40 पैशांचा दर लावते. हातात येतात 8,467 रुपये. दुसरी कंपनी शेकडा साडेतीन कमिशन घेते आणि दर पुरा 90 चा देते. हातात येतात 8,685. कमी कमिशनवाली कंपनी 218 रुपयांनी महाग पडली. कमिशनवर 18 टक्के जीएसटी दोघींकडेही लागतो, तो येथे सोडला आहे. त्याने फरक थोडा घटेल, निकाल बदलणार नाही. शिवाय काही कंपन्या दर व्यवहारामागे 30 सेंटसारखी ठराविक रक्कम घेतात. शंभर डॉलरच्या साडीवर ती जाणवत नाही. दहा डॉलरच्या हळदीच्या पुडीवर तीच शेकडा 3 होते. म्हणून हळदवाल्याने साडीवाल्याची कंपनी डोळे झाकून घेऊ नये. पुड्यांचा संच करून विकणे हा त्यावर एक इलाज आहे.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो, कारण ती न सांगता पुढे जाता येत नाही. जानेवारी 2010 च्या अखेरीस पेपल कंपनीचे भारतातील खातेदारांकडे येणारे वैयक्तिक पैसे एकाएकी बंद पडले, आणि पुष्कळांची धांदल उडाली. त्याच वर्षी 16 नोव्हेंबरला रिझर्व्ह बँकेने अशा कंपन्यांमार्फत निर्यातीचे पैसे घेण्याचे नियम घालून दिले. एका व्यवहाराला मर्यादा अवघी 500 डॉलरची. ती पुढे 3,000 आणि 2013 साली 10,000 डॉलर झाली. नंतर 31 ऑक्टोबर 2023 रोजी नवी चौकट आली. तिच्याप्रमाणे परदेशी वसुली करणाऱ्या बिगर-बँक कंपनीने रिझर्व्ह बँकेची परवानगी घ्यावयाची, व्यापाऱ्यांचा पैसा निराळ्या खात्यात ठेवावयाचा, आणि एका वस्तूमागे वा सेवेमागे मर्यादा 25 लाख रुपये. आपल्याला याचा उपयोग इतकाच की कंपनीचे नाव परवानगी मिळालेल्यांच्या यादीत आहे का, हे रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर पाहता येते. जाहिरात पाहण्यापूर्वी ही यादी पाहावी.

परवानगी असली तरी दार कायम उघडे राहील असे नाही. पेपलने 1 एप्रिल 2021 पासून भारतातल्या भारतातली वसुली बंद केली, परदेशी तेवढी चालू ठेवली. स्ट्राइपने मे 2024 मध्ये भारतात नवे व्यापारी फक्त निमंत्रणाने घेण्याचे ठरवले. यात कोणाचा दोष काढण्याचे कारण नाही. धंदा त्यांचा, निर्णय त्यांचा. पण आपल्या गिऱ्हाइकांची नावे, पत्ते आणि त्यांनी काय घेतले याची वही आपल्या घरी असली पाहिजे. पुष्कळांची ती वही कंपनीच्याच घरी असते, आणि दार मिटले की गिऱ्हाईकही आत राहते.

टपालाचाही इथे संबंध येतो. अमेरिकेने 800 डॉलरपर्यंतच्या मालाची जकातमाफी 29 ऑगस्ट 2025 पासून काढली, आणि आपल्या टपाल खात्याने त्या सुमारास तिकडची बहुतेक पार्सले घेणे थांबवले. ऑक्टोबरच्या मध्यास सेवा पुन्हा सुरू झाली. मधल्या काळात ज्यांनी पैसे आधी घेतले होते आणि माल जात नव्हता, त्यांच्यावर परतावे देण्याची पाळी आली. पैसे परत केले तरी आधी कापलेले कमिशन पुष्कळ कंपन्या परत करीत नाहीत. परताव्याचा हा नियम करारात कुठे लिहिला आहे, तो शोधून तांबड्या शाईने अधोरेखित करावा.

आणि कागद. माल परदेशी पाठवायचा तर आयईसी क्रमांक लागतो, हळदीला मसाला मंडळाची नोंदणीही लागते, हे बहुतेकांना ठाऊक असते. पैसे आल्याचा दाखलाही हवा, हे मागाहून कळते. परकीय चलन आल्याचा पुरावा, म्हणजे एफआयआरसी किंवा तत्सम सूचनापत्र, प्रत्येक कंपनी सारख्या तत्परतेने देत नाही. कोणी दर व्यवहाराचा देते, कोणी महिन्याचा एकत्र. एकत्र आलेली रक्कम दहा निरनिराळ्या बिलांशी जुळवताना बँकेचा कारकून आणि आपण, दोघेही हैराण होतो. आणि जुळले नाही तर बँकेच्या दफ्तरी ‘माल गेला, पैसा आला नाही’ अशी नोंद लोंबकळत राहते. ऑक्टोबर 2025 मध्ये रिझर्व्ह बँकेने 10 लाख रुपयांपर्यंतच्या बिलांना निर्यातदाराच्या स्वतःच्या जाहीरनाम्यावर मोकळे करण्याची सवलत दिली, त्याने भार हलका झाला. तरी दाखला हा दाखलाच. दोन कंपन्यांत दराचा फरक पाव टक्क्याचा असेल, तर आम्ही दर बाजूला ठेवून जी बिलवार दाखला देते ती घेऊ.

सगळी वसुली कार्डानेच व्हावी असेही नाही. एखाद्या दुकानदाराने दोन हजार डॉलरची घाऊक मागणी केली, तर त्याला सरळ बँकेतून पैसे पाठवायला सांगावे. बँकेचे शुल्क ठराविक असते, मोठ्या रकमेवर ते कमी भासते, आणि एकदा खात्यात आलेला पैसा कार्डासारखा सहजी परत ओढला जात नाही. मधल्या बँकेचा खर्च कोणी सोसावयाचा, हे मात्र आधी ठरवावे. उलट मुलगा परदेशी, आईबाप आर्वीला, आणि त्याला घरी हळद पोचवायची आहे, अशी मागणी असेल तर तिथे निर्यातच होत नाही. तिकडच्या मोबाइल क्रमांकावर आपल्या इथल्या अनिवासी खात्यातून यूपीआय चालवण्याची सोय 2023 पासून काही देशांतल्या भारतीयांना झाली आहे. ते रुपयांत पैसे देतील, कोणत्याही परदेशी मध्यस्थावाचून.

कंपनी पक्की करण्यापूर्वी एक परीक्षा घ्यावी. परदेशातल्या एखाद्या भाच्याला किंवा मैत्रिणीला दहा डॉलरची खरेदी करावयास सांगावे आणि वही घेऊन बसावे. पैसे कोणत्या दिवशी निघाले, कोणत्या दिवशी खात्यात पडले, रुपये किती आले, दाखला केव्हा मिळाला, हे टिपावे. मग त्यातलेच पाच डॉलर परत करावेत आणि काय कापले गेले ते पाहावे. दोन कंपन्यांची अशी परीक्षा दोनशे-तीनशे रुपयांत उरकते. दोन्ही बऱ्या निघाल्या तर दोन्ही चालू ठेवाव्यात, एक मुख्य आणि एक अडीनडीची.

एक आठवण देऊन थांबतो. जीएसटी न भरता माल परदेशी धाडण्यासाठी जे हमीपत्र, म्हणजे एलयूटी, द्यावे लागते, त्याची मुदत 31 मार्चला संपते. नव्या वर्षाचे हमीपत्र ज्यांनी अजून भरले नसेल, त्यांनी उद्या सकाळी, पुढचे पार्सल बांधण्यापूर्वी, ते भरून टाकावे.