पदवी घरी आल्यानंतर
(पदवीधर विद्यार्थी व त्यांचे पालक यांच्या सभेत केलेले भाषण)



आज येथे बसलेल्या कित्येक घरांत या वर्षी पहिली पदवी आली आहे. काही कुटुंबांनी तर अगदी अलीकडे धम्मदीक्षा घेतली आहे. त्यांच्या घरात बुद्धाची प्रतिमा आणि पदवीचा कागद ही दोन्ही जवळजवळ एकाच काळात आली. आपण पेढे वाटले, ते योग्यच झाले. परंतु पेढा हातात घेणारा प्रत्येक माणूस एक प्रश्न विचारून गेला, "आता पुढे काय?" हा प्रश्न मुलाला विचारण्यात येतो आणि त्याचे उत्तर बहुधा बाप देतो. मुलीला तर तो विचारण्याचेही कष्ट कोणी घेत नाही. तिच्या बाबतीत "पुढे काय" ते आधीच ठरलेले असते.

मी १९७४ साली बी. ए. झालो. माझ्या वडिलांनी १९५६ साली नागपुरास दीक्षा घेतली, तेव्हा मी तीन वर्षांचा होतो. वडील रेल्वेत गँगमन होते. निकाल लागल्यानंतर एकाच आठवड्यात मला दोन पत्रे आली. एक होते कायद्याच्या महाविद्यालयात प्रवेश मिळाल्याचे, आणि दुसरे एका सरकारी कचेरीत कारकून म्हणून नेमणूक झाल्याचे. घरात दोन बहिणी लग्नाच्या होत्या आणि सावकाराचे देणे होते. मी दुसरे पत्र वडिलांच्या हाती दिले. पहिले पत्र ट्रंकेत, वहीच्या पानांत ठेवून दिले.

त्या नोकरीविषयी माझी तक्रार नाही. त्याच पगारातून बहिणींचे संसार उभे राहिले, धाकट्या भावाचे शिक्षण झाले. २०११ साली मी सेवानिवृत्त झालो. परंतु वडील वारले तेव्हा आई मला म्हणाली, "तू ट्रंकेत कागद लपवलास तो मी पाहिला होता. मला वाचता येत नव्हते, म्हणून विचारले नाही." पंधरा वर्षे ती हे मनात ठेवून होती. तिने त्या दिवशी विचारले असते तर काय झाले असते, हे मला सांगता येणार नाही. कदाचित मी कारकूनच झालो असतो. पण तो निर्णय मग आम्हा सर्वांचा झाला असता. आज तो एका भ्यालेल्या मुलाचा निर्णय म्हणून माझ्यापाशी पडून आहे.

आपल्यापुढे मी एक मोठे उदाहरण ठेवतो. ते आपणांस पाठ आहे असे आपण समजता, म्हणूनच ते नीट पाहिले जात नाही. बाबासाहेब १९१२ साली बी. ए. झाले. पदवीनंतर त्यांनी प्रथम काय केले? त्यांनी नोकरी धरली. १९१३ च्या जानेवारीत ते बडोदे संस्थानच्या सेवेत रुजू झाले. सुभेदार रामजींना मुलाने बडोद्यास जावे हे पसंत नव्हते, म्हणजे बापलेकांचा मतभेद त्या घरातही होता. काही दिवसांतच वडिलांच्या आजाराची तार आली आणि २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजी निवर्तले. घरचा कर्ता पुरुष गेला. अशा वेळी कोणीही शहाण्या नातलगाने "आता शिक्षण पुरे" असाच सल्ला दिला असता. त्याच वर्षी सयाजीराव महाराजांनी तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊ केली, तीही परतल्यावर दहा वर्षे संस्थानची सेवा करण्याच्या करारावर. तो करार पत्करून बाबासाहेब जुलैमध्ये न्यूयॉर्कला पोहोचले.

पुढचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत सरली आणि लंडनचे शिक्षण अर्धे टाकून त्यांना परत यावे लागले. करार पाळावा म्हणून ते बडोद्यास गेले. तेथे अस्पृश्य म्हणून त्यांना राहावयास जागा मिळू दिली नाही. मग १९१८ च्या नोव्हेंबरात ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले. वेतन दरमहा ४५० रुपये. त्या काळी आपल्या समाजात असा पगार कोणी पाहिला होता? तरीही मार्च १९२० मध्ये त्यांनी ती जागा सोडली. शिलकीतले पैसे, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले पाच हजार रुपयांचे कर्ज, एवढ्या बळावर ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ साली ते बॅरिस्टर होऊन परतले आणि त्याच वर्षी लंडन विद्यापीठाची डी. एस्सी. पदवी त्यांना मिळाली.

तेव्हा "आधी नोकरी, मग शिक्षण" हा मार्ग कमीपणाचा आहे असे कोणी समजू नये. बाबासाहेबांनी तो दोनदा चोखाळला. मात्र सिडनहॅमची नोकरी त्यांनी लंडनच्या खर्चासाठी धरली होती आणि किती रुपये जमले म्हणजे निघावयाचे याचा हिशेब त्यांच्या मनात होता. माझ्यापाशी असा हिशेब नव्हता. "पुढे पाहू" असे मी म्हणालो, आणि ते पुढे सदतीस वर्षे चालले.

आणखी एक गोष्ट आपल्या सभांतून क्वचितच बोलली जाते. बाबासाहेब परदेशी असताना परळच्या चाळीतला संसार रमाबाईंनी ओढला. उच्च शिक्षणाच्या प्रत्येक निर्णयाची किंमत घरातील कोणी तरी भरत असते, आणि ती भरणारी बहुधा स्त्री असते. म्हणून माझे पालकांना आग्रहाचे सांगणे आहे की, मुलाच्या किंवा मुलीच्या पुढील वाटेचा विचार करण्यास बसाल तेव्हा आईला स्वयंपाकघरात ठेवू नका. तिच्यासमोर कागद घ्या आणि त्यावर आकडे मांडा. घरात येते किती, देणे किती, कोण किती वर्षे कमावू शकतो, धाकट्यांच्या फिया कधी येणार. तथागतांनी सिगाल नावाच्या गृहस्थपुत्राला मिळकतीचे चार भाग करण्यास सांगितले होते. एक भाग उपभोगास, दोन भाग कामधंद्यात आणि एक भाग संकटकाळासाठी. आमच्या घरांतून पहिल्या पगाराचा मोठा वाटा लग्नाच्या मांडवात जातो, हे मी पुष्कळ पाहिले आहे.

आता स्पर्धा परीक्षांविषयी. येथे माझे बोलणे काहींना कडू लागेल. माझा एक पुतण्या पदवीनंतर पुण्यास गेला. खोलीचे भाडे, खाणावळ, अभ्यासिकेची फी आणि शिकवणीवर्ग असा खर्च सहा वर्षे चालला. त्याच्या बापाने त्यासाठी अर्धा एकर विकला. मुलगा आळशी नव्हता, तो पहाटे पाचला उठत असे. परंतु केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०२४ सालच्या नागरी सेवा परीक्षेचे आकडे पाहा. अर्ज ९ लाख ९२ हजारांवर गेले, प्रत्यक्ष परीक्षेस बसले सुमारे ५ लाख ८३ हजार आणि अखेर शिफारस झाली १,००९ जणांची. त्यांत अनुसूचित जातींचे १६० होते. त्या १६० जणांचा मला अभिमान आहे, आणि आपल्या मुलांनी तेथे गेलेच पाहिजे. परंतु खुल्या वर्गास सहा प्रयत्न आणि ३२ वर्षे, तर आपणांस ३७ वर्षांपर्यंत हवे तितके प्रयत्न, या सवलतीचा अर्थ आपण चुकीचा करतो. जी सवलत मागे राहिलेल्याला वेळ मिळावा म्हणून दिली, तीच पाहता पाहता एखाद्याचे सारे तारुण्य घेऊन जाते. म्हणून जाताना मुदत ठरवून जा. दोन वर्षे म्हणा, तीन म्हणा. ती घरातल्या सर्वांना सांगा. त्या काळात वकिलीचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम, एम. ए., बी. एड. असे काही तरी पदरात पाडून घ्या. माझा पुतण्या आज एका शाळेत शिकवतो आणि उत्तम शिकवतो. पण बी. एड. त्याला एकतिसाव्या वर्षी करावे लागले.

पुढे शिकू इच्छिणाऱ्यांनी शिष्यवृत्त्यांची माहिती मिळवली पाहिजे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून आहे, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते त्या काळापासून. परदेशी शिक्षणासाठी केंद्राची राष्ट्रीय शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून, आणि महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिष्यवृत्ती २००३ पासून चालू आहे. या दुसऱ्या योजनेत दर वर्षी ७५ जागा ठरलेल्या आहेत. उत्पन्नाच्या आणि वयाच्या अटी त्या त्या वर्षीच्या जाहिरातीत पाहाव्यात. पंचाहत्तरात आपले मूल कसे बसणार, असे मनातल्या मनात ठरवून अर्जच न करणारे पालक मला सर्वांत अधिक भेटतात.

नुकत्याच दीक्षा घेतलेल्या कुटुंबांना कागदपत्रांविषयी सावध करणे माझे कर्तव्य आहे. धर्मांतराने सवलती जातात ही भीती आजही घातली जाते. ती एके काळी खोटी नव्हती. महाराष्ट्र राज्याने १९६० साली आपल्या अधिकारातील सवलती बौद्धांना दिल्या, परंतु केंद्राच्या सवलतींसाठी १९९० च्या कायद्यापर्यंत थांबावे लागले. आता अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना त्या कायद्याने मिळतात. मात्र त्यासाठी मूळ जातीचा पुरावा लागतो. आपल्या राज्यात तो साधारणपणे १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा मागतात, म्हणजे आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला किंवा गावच्या दप्तरातील नोंद. ज्या नावाने आपल्याला हिणवले गेले तेच नाव पुन्हा कागदावर शोधावयाचे, याचा विषाद मी समजू शकतो. मलाही तो झाला होता. तरी ते काम आजच करा. नेमणुकीचे पत्र आल्यावर जातपडताळणीसाठी धावाधाव करणारे तरुण मी कचेरीत पुष्कळ पाहिले, आणि कित्येकांच्या हातची जागा त्यात गेली.

नोकरीखेरीजही उपजीविका आहे, हे मी सांगितले नाही तर हे भाषण एका कारकुनाचेच होईल. सम्यक् आजीविकेच्या विचारात तथागतांनी उपासकास शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार वर्ज्य सांगितला. बाकीचे क्षेत्र मोकळे आहे. दुकान, छापखाना, औषधालय, संगणकाचे काम, शेतमालाचा व्यापार यांपैकी काही करीन असे पदवीधर मुलगी म्हणाली, तर "मग शिकलीस कशाला?" असे तिला विचारू नका. भांडवल बुडण्याचा धोका आहेच. पण तो धोका आपण तिच्या लग्नाच्या कर्जात न बोलता पत्करतोच की.

सभा संपल्यावर मी विहाराच्या ओट्यावर बसणार आहे. ज्यांनी दाखले, गुणपत्रके आणली असतील त्यांनी ती खुशाल दाखवावीत. कोणता अर्ज कोठे व कधी करावयाचा, ते मी लिहून देईन. मात्र बापाने एकट्याने येऊ नये. ज्याचा अर्ज असेल त्याने किंवा तिने स्वतः बोलावे, आणि सोबत आईही असावी. तिला वाचता येत नसेल तर प्रत्येक कागद तिला मोठ्याने वाचून दाखवला जाईल.