‘पाबिली पो!’ : फिलिपिन्समध्ये इंटरनेट मागताना



फिलिपिन्सला निघालेल्या माणसाला सगळे एकच सांगतात : तिथे सगळ्यांना इंग्रजी येतं, भाषेची काळजी करू नका. यात खोटं काही नाही. फिलिपिनोच्या जोडीने इंग्रजी तिथली राजभाषा आहे, आणि मनिलाच्या विमानतळावर किंवा हॉटेलात आपलं काही अडत नाही. जून २०२५ पासून भारतीय पर्यटकांना १४ दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय जाता येतं, तेव्हा जाणंही सोपं झालंय. पण देश सात हजारांहून जास्त बेटांचा. शहर मागे पडलं, की इंटरनेट मागायचं ते दुकानातल्या बाईकडे, होडीवाल्याकडे, खानावळीच्या मालकाकडे. त्यांच्याशी त्यांच्या भाषेत चार वाक्यं बोलता यायला हवीत. आणि मराठी माणसाला ही वाक्यं इंग्रजीतून शिकण्यापेक्षा थेट मराठीतून शिकणं सोपं आहे, असं माझं ठाम मत आहे.

पहिलं वाक्य ऐका. ‘माय वायफाय पो बा कायो?’ पुन्हा म्हणते. माय, वायफाय, पो, बा, कायो. ‘माय’ म्हणजे आहे. ‘बा’ म्हणजे आपला प्रश्नातला ‘का’. ‘कायो’ म्हणजे तुम्ही. एका माणसालाही आदराने अनेकवचनात बोलायचं, ही रीत आपल्याला कुणी शिकवावी लागत नाही. इंग्रजीतून जाणाऱ्याला मात्र ती मुद्दाम लक्षात ठेवावी लागते. राहिला ‘पो’. त्याला वेगळा अर्थ नाही, तो निव्वळ मान आहे. वडीलधाऱ्यांशी, अनोळखी माणसाशी, दुकानदाराशी बोलताना तो वाक्यात हवाच. उच्चारही आपल्या जिभेवरचेच : त आणि द आपल्यासारखे, दातांना जीभ लावून.

उत्तर आलं ‘मेरोन पो’, तर वायफाय आहे. ‘वाला पो’, तर नाही. मग विचारा, ‘आनो पो आंग पासवर्ड?’ पासवर्ड काय? आणि त्यांनी तो भराभर सांगितला तर फोन पुढे करून म्हणा, ‘पाकी-टाइप पो’. एवढं टाइप करून द्याल का. सुरुवातीचा ‘पाकी’ हाच विनंतीचा शब्द. ‘पाकी-उलित पो’ म्हटलं, की पुन्हा सांगा.

आता सिम कार्ड. २०२२ मध्ये तिथे सिम नोंदणीचा कायदा झाला. परदेशी पर्यटकाला पासपोर्ट, तिथल्या मुक्कामाचा पत्ता आणि परतीचं तिकीट दाखवून सिम नोंदवावं लागतं, आणि ते ३० दिवस चालतं. हे काम विमानतळावर इंग्रजीत उरकून घ्या.

खरी गंमत पुढे आहे, त्या सिममध्ये पैसे भरताना. प्रीपेड पैशांना तिथे सगळे ‘लोड’ म्हणतात, आणि तो मिळतो गल्लीतल्या सारी-सारी दुकानात. हे दुकान बहुधा घराच्याच पुढच्या खोलीत असतं. समोर लोखंडी जाळी, जाळीवर शांपूच्या आणि कॉफीच्या पुड्यांच्या माळा, मध्ये हात जाईल एवढी खिडकी. आत कुणी दिसत नाही. अशा वेळी बाहेरून हाक द्यायची : ‘पाबिली पो!’ मला काही घ्यायचंय हो! शाळकरी पोरापासून आजोबांपर्यंत सगळे हीच हाक देतात. मग आतून कुणी बाई येते. वयाने मोठी असेल तर तिला ‘आते’ म्हणा, म्हणजे ताई. पुरुषाला ‘कुया’, म्हणजे दादा. ‘आते, पा-लोड पो, सिंक्वेंता.’ ताई, पन्नासचा लोड द्या. रकमा बऱ्याचदा अशा स्पॅनिश आकड्यांत चालतात, कारण स्पेनने तिथे तीनशेहून अधिक वर्षं राज्य केलं. वीस म्हणजे ‘बेंते’, तीस म्हणजे ‘त्रेंता’.

ती एक वही पुढे सरकवते. तुम्ही त्यात आपला नंबर लिहायचा, ती तिच्या फोनवरून पैसे पाठवते आणि वर एक-दोन पेसो स्वतःचे घेते. मग दोघांनीही थांबायचं. ती विचारते, ‘पुमासोक ना पो बा?’ आला का? मेसेज वाजला तर ‘ओपो, सालामात पो’, हो, धन्यवाद. नसेल तर ‘वाला पा पो’, अजून नाही. हे ‘वाला पा’ नीट लक्षात ठेवा. नुसतं ‘वाला’ म्हटलंत तर ती नुसतं ‘नाही’ समजेल; ‘पा’ लावलात, की ‘अजून’ आलं आणि तीही तुमच्याबरोबर थांबते.

शांपूची एक पुडी किंवा एक सिगारेट सुटी घ्यावी, तसाच थोडाथोडा लोड घ्यायची सोय तिथे २००३ साली आली. त्याआधी मोठ्या रकमेची कार्डं घ्यावी लागत. हातावर पोट असलेल्या माणसाच्या खिशाला परवडेल एवढ्या तुकड्यांत फोनचा लोड विकायचा, ही कल्पना मला फार मोलाची वाटते.

याच कल्पनेतून पिसो-वायफायही आलं. दुकानाबाहेर भिंतीला एक पेटी असते. एक पेसोचं नाणं टाकलं, की काही मिनिटांचं इंटरनेट. फोन आधी त्या वायफायला जोडा, समोर पान उघडेल, त्यातलं नाणं टाकण्याचं बटण दाबा, आणि मगच नाणं टाका. घाई केलीत तर नाणं गेलं. तेव्हा आत हाक द्या, ‘किनाइन पो युंग पिसो को’, माझा पेसो खाल्ला हो यानं. सुटे नसतील तर नोट दाखवून ‘पाबार्या पो’ म्हणा; ‘बार्या’ म्हणजे चिल्लर.

आता पालावानच्या एल निदोला होडीत बसलात असं समजा. होडीवाला सांगतो, ‘वाला तायोंग सिग्नल दोओन.’ तिकडे आपल्याला सिग्नल नाही. यातला ‘तायो’ म्हणजे आपण, तुमच्यासकट. तो ‘कामी’ म्हणाला असता, तर आम्ही, म्हणजे फक्त त्यांचे फोन चालत नाहीत. तुमचा कदाचित चालेल. हा आम्ही-आपणचा भेद इंग्रजीत नाही, मराठीत आहे. ‘तायो’ कानावर पडलं, की घरी जो काही निरोप द्यायचा तो किनाऱ्यावरूनच देऊन टाका.

सेबू, बोहोल, दावाओकडे जाणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. तिकडे सेबुआनो चालते आणि तिच्यात ‘पो’ नाही. ‘नाआ बाय वायफाय?’ वायफाय आहे का? ‘पिला?’ किती? ‘पालिहुग’ म्हणजे कृपया. दावाओला डॉक्टरकी शिकायला गेलेल्या आपल्या मुलांनी तर हे तीन शब्द पहिल्याच आठवड्यात तोंडी बसवावेत.

शेवटी एक शब्द, जो ऐकून गैरसमज होऊ शकतो : सिग्नल. कुणी रेडिओ ऐकून ‘सिग्नल नंबर दोन’ म्हणालं, तर ते मोबाइलबद्दल नाही, वादळाबद्दल आहे. तिथलं हवामान खातं वाऱ्याच्या जोरानुसार एक ते पाच क्रमांकांचे इशारे देतं, आणि एक नंबर लागला तरी लहान होड्या बंद होतात. १६ डिसेंबर २०२१ ला ओडेट वादळ स्यारगाओ बेटावर धडकलं तेव्हा वीज आणि फोन दोन्ही गेले, आणि कितीतरी घरांना आपल्या माणसांची खबर दिवसेंदिवस मिळाली नाही. म्हणून हा इशारा ऐकलात, की ‘ब्राउनआउट’ होण्याआधी, म्हणजे वीज जाण्याआधी, जवळच्या दुकानात जा आणि विचारा, ‘पुवेदे पो बांग माकी-चार्ज?’ तुमच्याकडे फोन चार्ज करू का? आणि वाट न पाहता घरी कळवा, की आम्ही अमुक गावी, अमुक ठिकाणी आहोत, आणि काही दिवस फोन लागला नाही तर घाबरू नका.