वरच्या मजल्याचं पाणी



सेक्रेटरींनी मला पाण्यावर बोलायला सांगितलं, कारण पाण्याचे सर्वांत जास्त तक्रारअर्ज माझेच आहेत! चौथा मजला, टाकीच्या अगदी खाली. म्हणजे पाणी जोरात यायला हवं, असं मला वाटायचं. प्रत्यक्षात उलट. 10 मीटर उंचीला चौरस सेंटिमीटरमागे साधारण 1 किलो दाब मिळतो. टाकी माझ्या नळापासून 3 मीटरवर, म्हणजे माझ्या वाट्याला तीनशे ग्रॅम! तळमजल्याला त्याच्या पाचपट.

पण मध्यंतरी स्वयंपाकघरात करंगळीएवढीही धार येईना. ‘खालच्यांनी पंप लावला असणार,’ असं मी जिन्यात बोललो आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकांशी सहा महिने बोलणं बंद. शेवटी प्लंबरने विचारलं, “बाथरूमची बादली नीट भरते ना? मग लाइनचा दोष नाही.” दोष नळाच्या तोंडच्या जाळीत होता. वाळू आणि क्षार! रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवली, धार सुरू. (घरातले सगळेच नळ मंद असतील, तर मात्र गच्चीवरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आहे का ते आधी बघा.)

जाळी घट्ट बसली होती. पान्यासाठी दार वाजवावं लागलं ते काकांचंच. काका, तुम्ही समोरच बसलाय म्हणून सांगतो, पाना अजून माझ्याकडेच आहे.