छोट्या धन्याचे दप्तर

एखाद्या तालुक्याच्या गावी बाजारपेठेच्या मागल्या अंगाला असलेला छापखाना डोळ्यांपुढे आणावा. लग्नपत्रिका, दुकानांची बिलबुके, पतसंस्थांचे अहवाल आणि निवडणूक आली की पत्रके, असा त्याचा पसारा. कोऱ्या हजेरीपत्रकांचे गठ्ठेही येथूनच छापून तालुकाभर जातात. खुद्द छापखान्यातील अकरा माणसांपैकी एकाचेही नाव मात्र त्यांतल्या एकाही पत्रकावर चढलेले नसते. मालक सारे लक्षात ठेवतो. कोणी किती उचल घेतली, ते गल्ल्यातल्या वहीत शिसपेन्सिलीने लिहिलेले असते.

हा मालक दुष्ट नसतो. नोकराच्या मुलीच्या लग्नात तो खर्चाला हातभार लावतो आणि पंगतीत वाढायलाही उभा राहतो. माणुसकीचा हा व्यवहार कागदावर आणणे त्याला काहीसे अपमानकारकच वाटते. परंतु ऐन लग्नसराईत एखाद्या पत्रिकेवर मुहूर्ताची तारीख चुकीची छापली जाते, पाचशे प्रती वाया जातात, आणि बारा वर्षांच्या जुन्या नोकराला तो रागाच्या भरात म्हणतो, “उद्यापासून येऊ नकोस.” नोकर “बरं आहे, काका,” म्हणून डबा उचलून चालू लागतो. महिन्याभराने कामगार कार्यालयाचे पत्र येते.

“तो आपण होऊन गेला,” असे मालक तेथे सांगतो. मग राजीनामा कोठे आहे? चुकीबद्दल काढला म्हणावे, तर आरोपपत्र, खुलासा आणि चौकशी यांपैकी काहीच झालेले नाही. काम उरले नाही म्हणून कमी केला म्हणावे, तर एक महिन्याची नोटीस किंवा तितका पगार, आणि पुऱ्या झालेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार द्यावयास हवा होता. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात ही अट घातली गेली, आणि त्याच्या जागी आलेल्या संहितेनेही ती कायम ठेवली आहे.

नोकराजवळ तरी कोठे कागद आहे, या विचाराने मालक मनाशी सुखावतो. वर्षात 240 दिवस काम केल्याचे सिद्ध करण्याचा भार प्रथम नोकरावर असतो, हे खरेच. परंतु नोकर शपथेवर सांगतो, हजेरीपत्रक हजर करण्याची मागणी करतो, आणि जे दप्तर ठेवणे कायद्याने मालकाचेच काम, ते त्याला दाखवता येत नाही. अशा वेळी न्यायालयाला मालकाविरुद्ध अनुमान काढता येते. शिवाय अलीकडे पगार फोनवरून पाठवलेला असतो, आणि नोकराचे बँकेचे पासबुक दरमहा त्याची साक्ष देते.

भांडण बाजूला ठेवले तरी उपदान, म्हणजे ज्याला सर्वजण ग्रॅच्युइटी म्हणतात, ते उरतेच. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला ते लागू होते, आणि एकदा लागू झाले की पुढे माणसे घटली तरी सुटत नाही. महिना 26 दिवसांचा धरून वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन द्यावे लागते. हिशेबात धरावयाचे वेतन 18,200 रुपये असेल, तर बारा वर्षांचे 1,26,000 रुपये होतात. दरवर्षी थोडे बाजूला टाकले असते, तर ही रक्कम जड गेली नसती. एकदम द्यावयाची म्हटली की यंत्राचा हप्ता थकतो.

21 नोव्हेंबर 2025 रोजी केंद्राचे 29 कामगार कायदे चार संहितांत सामावले गेले. कायद्यांची संख्या घटली म्हणून दप्तरही घटले, असा समज बाजारात पसरला आहे. तो घातक आहे. वेतनपावती द्यावीच लागते, आणि नोकरी कोणत्याही कारणाने सुटली तरी राहिलेला पगार कामाच्या दोन दिवसांत चुकता करावा लागतो. नेमणूकपत्र नव्या नोकराला तर द्यावयाचेच, पण ज्या जुन्यांना ते कधीच मिळाले नाही, त्यांनाही संहिता अमलात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत देण्याची तरतूद आहे.

मोठ्या कारखान्यात या कामासाठी स्वतंत्र अधिकारी असतो. छोट्या धन्याचा आधार म्हणजे वर्षातून एकदा येणारा कर-सल्लागार, आणि त्याचे लक्ष करावर. सरकारी निरीक्षकाचा तर त्याला धाकच. वास्तविक वेतन संहितेने निरीक्षकाच्या कामात मालकाला सल्ला देण्याचीही भर घातली आहे. खटला भरण्यापूर्वी त्याने लेखी सूचना देऊन चूक सुधारण्याची संधी द्यावयाची असते. पाच वर्षांच्या आत तीच चूक पुन्हा झाली, तर मात्र ही सवलत नाही. कार्यालयाचे पत्र येण्यापूर्वीच छापखान्याच्या मालकाने त्याची गाठ घेतली असती, तर चहाच्या एका पेल्याइतक्या वेळात नेमणूकपत्राचा मसुदा ठरला असता. छपाईला कोठे जावे लागणार नव्हते. नाव, काम, पगार आणि रुजू झाल्याची तारीख एवढेच हाताने भरावयाचे उरले असते.