मातीवाचून कडधान्य : आधी एक लहान प्रयोग
(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत, सिल्वासा येथे दिलेले भाषण)



संस्थेच्या गच्चीवर मातीवाचून कडधान्ये पिकवावीत आणि त्यासाठी टाक्या, नळ्या व जिवाणूंच्या बाटल्या घ्याव्यात, अशी सूचना आपल्यातील काही तरुणांनी मांडली आहे. हेतू स्तुत्य आहे. सिल्वासात कारखाने आले, चाळी उठल्या. ज्यांच्या वडिलांचा वाल भातकापणीनंतर शेताच्या ओलीवर वाढत असे, त्यांच्या मुलांना आज कुंडीपुरती माती मिळवणेही कठीण झाले आहे. परंतु संस्थेचा पैसा हा देणगीचा पैसा, म्हणून खर्चापूर्वी थोडे बोलणे भाग आहे.

या शेतीला 'हायड्रोपोनिक्स' हे नाव कॅलिफोर्नियातील प्राध्यापक गेरिके यांनी १९३७ साली दिले. आपल्या देशात शोल्टो डग्लस यांनी १९४६ च्या सुमारास बंगालमधील कालिंपाँग येथे असे प्रयोग केले. महागडी यंत्रे टाळून त्यांनी वाळू व खडी भरलेले वाफे वापरले. ही 'बंगाल पद्धत' आपण ध्यानात ठेवावी. कडधान्याच्या मुळांना नुसत्या पाण्यापेक्षा ती अधिक मानवेल.

याचे कारण कडधान्याच्या स्वभावात आहे. हवेच्या १०० भागांत ७८ भाग नत्र असते, पण झाडाला ते घेता येत नाही. कडधान्याच्या मुळांवरील गाठींत राहणारे रायझोबियम जिवाणू ते पकडून झाडाला देतात आणि त्याबद्दल झाडाकडून साखर घेतात. जर्मनीत हेलरीगेल यांनी १८८६ साली हे दाखवले व हॉलंडच्या बायरिंक यांनी १८८८ साली तो जिवाणू वेगळा काढला. आपल्याकडे एन. व्ही. जोशी यांनी १९२० साली या विषयावर काम केले. आपले शेतकरी मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून कडधान्यानंतरच्या पिकाचा जोर ओळखून होते.

आता मुख्य अडचण. पालक-कोथिंबिरीसाठी जे तयार खतपाणी मिळते, त्यात नायट्रेट भरपूर असते. ते मिळाले की कडधान्य गाठी धरतच नाही, धरल्या तरी मोजक्या. घरात शिधा भरलेला असताना उसनवार कोण करील? त्याच टाकीत जिवाणूंची बाटली ओतणे म्हणजे शुद्ध पैसा पाण्यात! तेव्हा दोहोंपैकी एक मार्ग धरावा. एक तर पुरते नायट्रेट द्यावे व जिवाणूंचे नाव काढू नये. नाही तर पहिले दोन आठवडे अगदी थोडे नत्र देऊन पुढे ते बंद करावे, स्फुरद, पालाश इत्यादी बाकीचे अन्न चालू ठेवावे आणि काम जिवाणूंवर सोपवावे. दुसऱ्या मार्गात मॉलिब्डेनम, लोह व कणभर कोबाल्ट लागते. कोबाल्ट नेहमीच्या खतपाण्यात बहुधा घातलेले नसते. शिवाय गाठींना हवा हवी. त्या सतत बुडून राहिल्या तर काम मंदावते.

जिवाणूही जातवार असतात. चवळी, मूग, उडीद, तूर व वाल यांचा एक गट. हरभऱ्याचा वेगळा, सोयाबीनचा वेगळा. श्रावणघेवडा या कामी कच्चाच. म्हणून आरंभ चवळीने करावा. सरकारी मानकाप्रमाणे एक ग्रॅम पुडीत किमान ५ कोटी जिवंत जिवाणू हवेत. दुकानाच्या तापलेल्या पत्र्याखाली महिनोन् महिने पडलेल्या पुडीत ते उरतील, अशी आशा धरू नये. मुदतीची तारीख पाहून घ्यावी.

जैव-उत्तेजकांविषयी लोकांत बराच गोंधळ आहे. समुद्री शेवाळाचा अर्क, ह्यूमिक आम्ल इत्यादी पदार्थ खत नव्हेत. ते झाडाला अन्न घेण्यास व ताण सोसण्यास मदत करतात. भावनगरच्या केंद्रीय संस्थेने कॅपाफायकस या शेवाळाच्या रसावर चांगले काम केले आहे. केंद्र सरकारने २०२१ साली हे पदार्थ १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाखाली आणले. तरीही 'दुप्पट उत्पन्न' असे छापलेली बाटली दिसली, तर ती आहे तिथेच ठेवावी. उपाशी झाडाला टॉनिक पाजून पोट भरत नाही.

माझी सूचना अशी. टाक्या आज घेऊ नयेत. भोके पाडलेले वीस जुने डबे घ्यावेत, धुतलेली वाळू भरावी आणि चवळी लावावी. दहा डब्यांतील बियाणे गुळाच्या पाण्यात कालवलेले जिवाणू चोळून सावलीत सुकवावे, दहांतील तसेच पेरावे. साधे डबे आधी पेरावेत, म्हणजे हाताचे जिवाणू त्यांना लागणार नाहीत. अन्नपाणी सर्वांना सारखेच, म्हणजे वर सांगितलेले कमी नत्राचे. नळाचे पाणी रात्रभर उघडे ठेवून वापरावे, म्हणजे क्लोरीन बरेचसे उडून जाईल. चौथ्या आठवड्यात प्रत्येक रांगेतील दोन रोपे उपटून गाठी नखाने फोडाव्यात. आत गुलाबी दिसले तर जिवाणू कामाला लागले; पांढरे किंवा हिरवट दिसले तर नाही. शेंगा आल्यावर दोन्ही रांगांच्या शेंगा तोलाव्यात व आकडे विश्वस्तांपुढे ठेवावेत. डबे व वाळू जमवण्याचे काम शाळकरी मुलांकडे द्यावे. तोलण्याचा काटा मी आणीन.